नाका कुठे बसवायचा?

नव्या तंत्रज्ञानामुळे जगाच्या सुरक्षेला असलेल्या धोक्यांवर धोरणात्मक चर्चा सुरू झाली की ती बहुतेक वेळा एकाच वाटेने जाते. आधी धोका किती भयंकर आहे यावर बोलणं होतं. मग नियमन हवंच यावर एकमत होतं. मग मसुद्यात ‘जबाबदार वापर’, ‘अर्थपूर्ण मानवी नियंत्रण’, ‘योग्य ती खबरदारी’ असे शब्द येतात आणि बैठक संपते. ज्या प्रश्नावर सगळं धोरण तरतं किंवा बुडतं, तो मात्र राहूनच जातो: नेमकं मोजायचं काय, आणि मोजणारा माणूस उभा कुठे करायचा?

मोकळ्या मैदानातून जाणारी प्रत्येक गाडी तपासता येत नाही. घाट चढायला एकच वाट असेल तर पायथ्याशी नाका बसवता येतो. तंत्रज्ञानाचंही तसंच आहे. काही तंत्रज्ञानांत असा घाट असतो, काहींत नसतो, आणि काहींत तो आज असतो पण पाच वर्षांनी नसतो. माझ्या मते चर्चेतला निम्म्याहून जास्त वेळ हा घाट शोधण्यात जायला हवा.

अणुबॉम्बच्या बाबतीत तो निसर्गानेच दिला. बॉम्बमागचं भौतिकशास्त्र केव्हाच पाठ्यपुस्तकांत गेलं. अडतं ते पदार्थावर. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये बॉम्बला लागणारा यू-२३५ हा प्रकार फक्त ०.७ टक्के असतो. वीज बनवणाऱ्या बहुतेक अणुभट्ट्यांना ३ ते ५ टक्के लागतं, शस्त्राला ९० टक्क्यांच्या आसपास. तिथवर जायला, म्हणजे युरेनियम ‘समृद्ध’ करायला, हजारो सेंट्रिफ्यूज (वेगाने फिरून दोन प्रकार वेगळे करणारी यंत्रं), मोठ्या इमारती आणि बराच काळ लागतो. म्हणून १९५७ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था किलोंच्या भाषेत बोलू शकते. तिच्या हिशेबात ‘लक्षणीय मात्रा’ म्हणजे ८ किलो प्लुटोनियम किंवा उच्च समृद्ध युरेनियममधलं २५ किलो यू-२३५. अणुभट्टीत न वापरलेला असा पदार्थ गायब झाला तर महिनाभरात कळलं पाहिजे आणि कमी समृद्ध युरेनियम असेल तर वर्षभरात, हे तिचं उद्दिष्ट. ‘किती’ आणि ‘किती दिवसांत’ हे दोन आकडे ठरले की कॅमेरे किती लावायचे, सील कुठे मारायची, निरीक्षकाची फेरी किती दिवसांनी ठेवायची, हे पुढचं सगळं गणिताने निघतं.

इथेही एक मेख आहे, आणि चर्चेत ती वारंवार निसटते. समृद्धीचं काम टक्क्यांच्या प्रमाणात वाढत नाही. ०.७ वरून साधारण ४-५ टक्क्यांपर्यंत येण्यातच शस्त्राच्या दर्जापर्यंतचं सुमारे ७० टक्के काम झालेलं असतं आणि २० टक्क्यांपर्यंत पोचलं की सुमारे ९० टक्के. कारण सुरुवातीला ढिगाने नको असलेला यू-२३८ बाजूला काढायचा असतो, पुढे पुढे माल थोडाच उरतो. म्हणून २०१५ च्या इराण करारात समृद्धीची मर्यादा ३.६७ टक्के, साठ्याची मर्यादा ३०० किलो आणि नतांझच्या कारखान्यात चालू सेंट्रिफ्यूजची मर्यादा ५,०६० अशा तीन गाठी एकत्र मारल्या होत्या. बॉम्बपुरता माल जमवायला किती वेळ लागेल हे या तिन्हींवर मिळून ठरतं. एकटा टक्का मोजून उपयोग नसतो. मापं इतकी चोख असूनही २०१८ मध्ये अमेरिका त्या करारातून बाहेर पडली. मापाने राजकारण सुटत नाही हे खरंच. पण समोरचा करार पाळतोय की नाही, हे तरी छातीठोकपणे सांगता येतं, आणि त्याशिवाय पुढचं बोलणंच होत नाही.

रसायनांत घाट रुंद होतो. थायोडायग्लायकॉल बॉलपेनच्या शाईत लागतं आणि त्याच पदार्थापासून मस्टर्ड वायूही बनतो. त्यामुळे १९९७ मध्ये अमलात आलेल्या रासायनिक शस्त्रबंदी कराराने दोन वेगळ्या युक्त्या एकत्र वापरल्या. एक, रसायनांच्या तीन याद्या. पहिल्या यादीतलं रसायन कोणत्याही देशाकडे संशोधन किंवा संरक्षणासाठी मिळून १ टनापेक्षा जास्त असता कामा नये, तर तिसऱ्या यादीतल्या औद्योगिक रसायनांची घोषणा कारखान्याने ३० टनांच्या वर गेल्यावर करायची. दुसरी युक्ती म्हणजे हेतूवर आधारलेलं सर्वसाधारण कलम: यादीत असो वा नसो, कोणतंही विषारी रसायन इजा करण्याच्या हेतूने बाळगलं तर ते शस्त्रच. क्लोरीन कुठल्याच यादीत नाही, कारण पाणी शुद्ध करायला ते सगळ्यांनाच लागतं. तरी माणसांवर सोडलं की कराराचा भंग होतो. यादी मोजणीसाठी आणि हेतूचं कलम यादीतल्या पळवाटा बुजवण्यासाठी. जाहीर केलेला शेवटचा साठा जुलै २०२३ मध्ये नष्ट झाला; एकूण ७२,३०४ टन. मला विचाराल तर नवं नियमन लिहिणाऱ्याने सगळ्यात आधी अभ्यासावा असा हा करार आहे.

जैविक शस्त्रांच्या १९७२ च्या करारात मात्र पडताळणीची यंत्रणाच नाही. १९७९ मध्ये सोव्हिएत संघात स्वेर्दलोव्स्क इथे लष्करी प्रयोगशाळेतून अँथ्रॅक्सचे बीजाणू हवेत गेले आणि किमान ६६ माणसं मेली. सरकारने दूषित मांसाचं कारण सांगितलं; खरं काय ते रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी १९९२ मध्ये मान्य केलं. तोवर तेरा वर्षं बाहेरच्या कुणालाही हक्काने आत जाऊन बघायची सोय नव्हती. पडताळणीचा मसुदा तयार करायचे प्रयत्न २००१ मध्ये अमेरिकेने पाठिंबा काढल्यावर थंडावले. यात इच्छाशक्तीचा अभाव आहेच, पण तेवढंच नाही. जिवाणू स्वतःच वाढतो, त्यामुळे किलोंचा हिशेब इथे चालत नाही, आणि लस बनवणारं पात्र व शस्त्र बनवणारं पात्र एकच असतं. मोजायला काही ठरलं नाही म्हणून निरीक्षकही ठरला नाही.

धोका एका वाक्यात लिहा

नाका शोधण्याआधी एक काम करावं लागतं, ते कंटाळवाणं आहे म्हणून टाळलं जातं. धोका एका पूर्ण वाक्यात लिहायचा: कोण, काय मिळवून, कोणत्या पायरीवर आज अडतोय, आणि नवं तंत्रज्ञान नेमकी तीच पायरी सोपी करतं का. हे न करता चाललेली चर्चा म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं.

उदाहरण घेऊ. २०२२ मध्ये औषधसंशोधन करणाऱ्या एका गटाने आपल्या संगणकीय प्रणालीला विषारीपणा टाळण्याऐवजी शोधायला सांगितलं. सहा तासांच्या आत तिने ४०,००० रेणू सुचवले, त्यांत व्हीएक्स हे मज्जासंस्थेवर हल्ला करणारं, आधीच माहीत असलेलं विषही होतं. बातम्यांनी याचा अर्थ ‘कृत्रिम बुद्धिमत्ता शस्त्र बनवते’ असा लावला. आता वरचं वाक्य लिहून बघा. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हे तसंच विष सोडणाऱ्या ओम शिनरिक्यो पंथाकडे पैसा होता, शिकलेले रसायनतज्ज्ञ होते, स्वतःची इमारत होती, आणि कोणता रेणू हवा हेही माहीत होतं. अडलं ते शुद्ध स्वरूपात बनवण्यावर आणि पसरवण्यावर. तरीही डझनाहून जास्त माणसं गेली आणि हजारो बाधित झाली. म्हणजे त्यांची अडचण रेणूची यादी नव्हतीच. मग ४०,००० नव्या नावांनी कोणाची अडचण सुटली? कदाचित अशा एखाद्या राष्ट्राची, ज्याच्याकडे प्रयोगशाळा आहेत आणि ज्याला याद्यांबाहेरचा रेणू हवाय. म्हणजे धोका खराच आहे, पण तो एकट्या माथेफिरूकडून नाही, तर करारातल्या याद्यांना बगल देऊ पाहणाऱ्या राष्ट्राकडून. उपायही मग बदलतो: हेतूचं कलम मजबूत करणं आणि यादी लवकर दुरुस्त करता येणं. नोव्हिचोक या सोव्हिएत काळातल्या विषांच्या गटातली रसायनं पहिल्या यादीत घालायला, २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या सॅलिसबरीत त्यांनी झालेल्या विषप्रयोगानंतर, अंमलबजावणी धरून, २०२० उजाडलं.

कंपन्यांकडून हवा तसा डीएनए बनवून मागवण्याच्या बाबतीत हेच वाक्य वेगळं उत्तर देतं, आणि तिथे नाका बसवता येतो. २००२ मध्ये पोलिओचा विषाणू रासायनिक रीतीने जोडलेल्या डीएनएपासून तयार झाल्याचं प्रसिद्ध झालं. त्याचा जनुकीय आराखडा सुमारे ७,५०० अक्षरांचा (साखळीतला एकेक घटक म्हणजे एक अक्षर). २०१८ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी नामशेष समजला जाणारा घोड्यांच्या देवीचा विषाणू मागवलेल्या तुकड्यांतून उभा केल्याचं छापलं. तो दोन लाखांहून जास्त अक्षरांचा. म्हणजे विषाणूचा नमुना हाती असण्याची अट गेली. पण लांब डीएनए बनवून देणाऱ्या कंपन्या मोजक्या आहेत. मागणी त्यांच्यामार्फतच जाते. हाच घाट.

तिथली तपासणी दोन भागांत चालते. मागवलेला अनुक्रम धोकादायक रोगजंतूंच्या संग्रहाशी ताडून बघायचा, आणि मागवणारा खरंच कोण आहे, त्या संस्थेत काम करतो का, पत्ता प्रयोगशाळेचा आहे की घराचा, हे बघायचं. मोठ्या कंपन्यांनी २००९ मध्ये स्वतःहून एक संघ काढला. अमेरिकी सरकारची मार्गदर्शक तत्त्वं २०१० मध्ये आली, तीही ऐच्छिक, आणि त्यांत तपासणीची किमान लांबी २०० अक्षरं होती. २०२३ च्या सुधारित आवृत्तीने ती ५० पर्यंत खाली आणायचं ठरवलं, कारण छोटे तुकडे जोडायचं तंत्र स्वस्त झालं.

आता बिघडतं कुठे? पहिली गोष्ट खोट्या घंटांची. रोगजंतूच्या आराखड्यातला बराचसा भाग पेशीची रोजची कामं करणारा असतो आणि तो निरुपद्रवी भाईबंदांतही जवळपास तसाच सापडतो. लांबी २०० वरून ५० वर आणली की असे जुळणारे तुकडे पुष्कळ वाढतात, आणि प्रत्येक घंटेमागे जीवशास्त्र कळणारा माणूस बसवावा लागतो. दुसरी गोष्ट पैशाची. तपासणीचा खर्च कंपनीवर पडतो. न तपासणारी कंपनी स्वस्त आणि जलद माल देते. ऐच्छिक नियमात प्रामाणिक माणूसच दंड भरतो. यावर मला पटलेला उपाय म्हणजे खरेदीदाराकडून दाब आणणं: सरकारी अनुदानातून डीएनए घ्यायचा तर तपासणी करणाऱ्या कंपनीकडूनच, असं अनुदानाच्या अटीत लिहायचं. तिसरी गोष्ट, मागणी वेगवेगळ्या कंपन्यांत विभागली गेली तर एकीलाही पूर्ण चित्र दिसत नाही. कंपन्यांनी आपसांत ग्राहकांची नावं वाटून घेणं स्पर्धा आणि खासगीपणाच्या कायद्यांत अडकतं, त्यामुळे सांकेतिक रूपात तुलना करणारी तटस्थ व्यवस्था हवी. चौथी गोष्ट २०२५ मध्ये ठळकपणे पुढे आली: कृत्रिम बुद्धिमत्तेने अक्षरं बदलून पण आकार राखून आखलेली विषारी प्रथिनं साध्या ताडणीतून सुटू शकतात. त्या संशोधकांनी जे केलं ते इतरांनी नमुना म्हणून घ्यावं. त्यांनी आधी तपासणीची साधनं बनवणाऱ्यांना गुप्तपणे कळवलं, दुरुस्ती तयार करून पाठवली, आणि मगच जाहीर केलं.

उंबरठ्याच्या अलीकडचा माल

चिपच्या निर्यातबंदीतून धोरण लिहिणाऱ्यांना जितकं शिकता येतं तितकं आजच्या दुसऱ्या कुठल्या विषयातून क्वचितच येईल. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने चीनला जाणाऱ्या प्रगत चिपवर बंधनं घातली. चिप बंधनात यायची तर दोन अटी एकत्र लागू व्हायला हव्या होत्या: गणनाक्षमतेचा ४,८०० हा आकडा (सेकंदाला किती लाख कोटी क्रिया, गुणिले प्रत्येक क्रियेची बिट-लांबी) आणि चिप-चिपमधली देवाणघेवाण सेकंदाला ६०० गिगाबाइट. एनव्हिडियाची ए१०० ही चिप ८ बिटांवर सेकंदाला ६२४ लाख कोटी क्रिया करते; ६२४ गुणिले ८ म्हणजे ४,९९२. दोन्ही अटींत ती बसली. थोड्याच काळात ए८०० आली. गणना तीच, देवाणघेवाण ४०० गिगाबाइट. नियम अक्षरशः पाळला गेला, माल जात राहिला.

कंपनीने काही बेकायदा केलं नाही. चूक आकडा निवडणाऱ्याची. दोन अटी ‘आणि’ने जोडल्या की त्यांतली स्वस्तात कमी करता येणारी अट पळवाट बनते. ऑक्टोबर २०२३ मध्ये देवाणघेवाणीची अट काढली, एकूण क्षमता आणि चिपच्या क्षेत्रफळामागे क्षमता असं माप आणलं. मग एच२० आली. तिची गणनाक्षमता मुद्दाम कमी, पण स्मृतीतून माहिती उचलण्याचा वेग सेकंदाला ४ टेराबाइट, एनव्हिडियाच्याच जास्त ताकदवान एच१०० च्या ३.३५ पेक्षाही जास्त. कृत्रिम बुद्धिमत्तेचं प्रतिमान (मॉडेल) घडवण्यासाठी गणना महत्त्वाची असते. घडलेलं प्रतिमान लाखो लोकांसाठी चालवताना बहुधा स्मृतीचा वेग आड येतो. धोरणाने एका कामाचं माप घेतलं, दुसरं काम मोकळं राहिलं.

म्हणून मसुद्यात आकडा दिसला की मी आधी स्वतःला विक्रेत्याच्या जागी बसवून बघतो: या रेषेच्या किंचित अलीकडे सगळ्यात उपयोगी माल कोणता बनेल? हा प्रश्न अर्धा तास एखाद्या अनुभवी चिप-अभियंत्यासमोर ठेवला असता तर ए८०० कागदावरच दिसली असती.

त्याच साखळीत अधिक अरुंद घाट आहे तो यंत्रांचा. सगळ्यात बारीक रेषा छापायला १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश लागतो. वितळलेल्या कथिलाच्या थेंबांवर सेकंदाला ५०,००० वेळा लेसर मारून तो निर्माण करतात. अशी यंत्रं जगात एकच कंपनी विकते, नेदरलँड्समधली एएसएमएल, आणि चीनला ती विकण्याचा परवाना डच सरकारने २०१९ पासून दिलेला नाही. यंत्र लपवता येत नाही, त्याला सतत सुटे भाग आणि तंत्रज्ञ लागतात, विक्रेता एकच. नाक्यासाठी यापेक्षा चांगली जागा सापडणं अवघड. तरी २०२३ मध्ये हुआवेच्या फोनमध्ये चीनमध्येच बनलेली ७ नॅनोमीटर वर्गातली चिप निघाली. जुन्या १९३ नॅनोमीटरच्या यंत्रांवर एकच थर अनेक वेळा छापून ते साधतं. खर्च वाढतो, खराब निघणाऱ्या चिप वाढतात, पण काम होतं. त्यामुळे अशा बंदीच्या चर्चेत ‘थांबवणार’ हे क्रियापद वापरूच नये. किती महिने उशीर करायचा आहे आणि त्या महिन्यांत आपण काय करणार, हे लिहावं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर उशीर नुसता महाग पडतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नियमनातही गणनेचाच उंबरठा घेतला गेला. ऑक्टोबर २०२३ च्या अमेरिकी आदेशात १०^२६ (एकावर २६ शून्यं) क्रियांच्या वर प्रशिक्षण झालेल्या प्रतिमानांची माहिती सरकारला देणं होतं, आणि मुख्यतः जैविक अनुक्रमांवर घडवलेल्यांसाठी १०^२३. जानेवारी २०२५ मध्ये तो आदेश रद्द झाला. युरोपीय संघाच्या कायद्यात १०^२५ च्या वर ‘व्यवस्थात्मक जोखीम’ गृहीत धरली जाते. त्याच कायद्यातून लष्करी आणि राष्ट्रीय सुरक्षेचे वापर वगळले आहेत, हे सुरक्षेच्या चर्चेत बोलणाऱ्यांनी लक्षात ठेवावं; या विषयावर त्याचा दाखला देताना तिथेच घसरगुंडी होते.

हे आकडे डोळ्यांसमोर आणता येतात. प्रशिक्षणातल्या क्रियांचा ढोबळ हिशेब म्हणजे ६ गुणिले प्रतिमानातले घटक (शिकताना ठरणारे आकडे) गुणिले वाचलेले शब्दतुकडे. ७० अब्ज घटक आणि १५ लाख कोटी शब्दतुकडे घेतले तर ६.३ गुणिले १०^२४ येतात. युरोपीय रेषेच्या खाली. आता यंत्रांच्या बाजूने बघू. एच१०० सेकंदाला सुमारे १०^१५ क्रिया करू शकते, प्रत्यक्षात ४० टक्के मिळतात असं धरू. अशा १०,००० चिपना १०^२६ गाठायला साधारण २९० दिवस लागतील. प्रत्येक चिप ७०० वॅट खाते, म्हणजे नुसत्या चिपना ७ मेगावॅट. थंडावा आणि बाकीची यंत्रं धरून आणखी बरंच. एवढी वीज, इमारत आणि चिपखरेदी गुपचूप होणं कठीण, म्हणून गणना हा आज चालणारा नाका आहे.

पण तो सरकतोय. मोठ्या प्रतिमानाच्या उत्तरांवर छोटं प्रतिमान शिकवता येतं. प्रशिक्षणात कमी आणि उत्तर देताना जास्त गणना खर्चून तीच कुवत मिळवता येते. एकाच कुवतीला लागणारी गणना दरवर्षी घटते. आणि प्रतिमानाचे भार, म्हणजे हेच शिकलेले आकडे, एकदा खुले झाले की नाका ओलांडलेला असतो. परत बोलावणं नाही. त्यामुळे गणनेचा उंबरठा ‘कोणाला प्रश्न विचारायचे’ एवढं ठरवायला वापरावा, ‘कोण धोकादायक’ हे ठरवायला नव्हे. उंबरठा ओलांडला की चाचणी करा, आणि निर्बंध चाचणीच्या निकालावर ठेवा. अनेक मसुद्यांत या दोन गोष्टींची गल्लत होते आणि मग उद्योग व टीकाकार वर्षभर आकड्यावरच भांडत बसतात.

शब्द चुकला की काय होतं याचं उदाहरण वासेनार व्यवस्थेचं. १९९६ पासून चालणारी ही ४२ देशांची निर्यात-नियंत्रण व्यवस्था. २०१३ मध्ये तिने ‘घुसखोरीची सॉफ्टवेअरं’ यादीत घातली. हेतू चांगला होता: दडपशाही करणाऱ्या राजवटींना हेरगिरीची साधनं मिळू नयेत. पण व्याख्या अशी उतरली की संगणक प्रणालीतली फट शोधून दुसऱ्या देशातल्या कंपनीला कळवणारा संशोधकही परवान्याच्या कक्षेत आला. २०१५ मध्ये अमेरिकेने अंमलबजावणीचा मसुदा काढला तेव्हा आक्षेपांचा पाऊस पडला. फटींची माहिती देणं आणि हल्ल्यानंतरची मदत यांना वगळणारी दुरुस्ती डिसेंबर २०१७ मध्ये झाली. चार वर्षं. व्याख्या साधनाच्या रचनेवरून केली होती. हल्लेखोर आणि बचाव करणारा एकच साधन वापरतात तेव्हा रचनेवरून भेद होत नाही, वापर आणि ग्राहक यांवरूनच होतो.

स्वायत्त शस्त्रांची चर्चा २०१४ पासून जिनिव्हात चाललीय, आणि ती रखडण्याचं कारण मला याच प्रश्नात दिसतं. दूरनियंत्रित ड्रोन आणि स्वतः लक्ष्य निवडणारं ड्रोन बाहेरून सारखंच दिसतं. फरक सॉफ्टवेअरमध्ये, तो एका रात्रीत बदलता येतो. शस्त्र उघडून मोजण्यासारखं काही नाही. शिवाय तिथे सर्वसंमतीने निर्णय होतो, म्हणजे एका देशाचा नकार पुरतो. यंत्राऐवजी वापराच्या अटी मोजणं जास्त शक्य आहे: किती क्षेत्रात, किती मिनिटं, कोणत्या प्रकारच्या लक्ष्यावर, नागरी वस्तीत की समुद्रावर. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीने २०२१ मध्ये घेतलेली भूमिका याच दिशेची आहे: ज्यांचा परिणाम सांगता येत नाही ती आणि माणसांवर रोखलेली स्वायत्त शस्त्रं बंद, बाकीच्यांवर काळ, जागा, लक्ष्य यांच्या मर्यादा. या मर्यादा लढाईनंतर नोंदींवरून तपासता येतील, पण नोंदी ठेवणं करारात आधीच लिहिलेलं असेल तरच.

अवकाशात हीच युक्ती चालली. शस्त्राची व्याख्या करता येईना, कारण दुरुस्तीसाठी जवळ जाणारा उपग्रह हल्लाही करू शकतो. म्हणून ‘शस्त्र’ सोडून ‘कृती’ धरली: उपग्रह फोडणारी थेट मारा करणाऱ्या क्षेपणास्त्राची चाचणी करायची नाही. चीनच्या जानेवारी २००७ च्या चाचणीने ३,००० हून जास्त मागोवा घेता येतील असे तुकडे सोडले, रशियाच्या नोव्हेंबर २०२१ च्या चाचणीने १,५०० च्या वर. ते रडारवर अनेक देशांना दिसतात, लपवता येत नाहीत. अमेरिकेने एप्रिल २०२२ मध्ये स्वतःपुरती बंदी जाहीर केली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १५५ मतांनी ठराव झाला. बंधनकारक नाही, पण भंग झाला तर वाद उरत नाही.

आणि काही धोक्यांत नाक्याची गरजच नसते. क्वांटम संगणक (भविष्यातला वेगळ्या तत्त्वावरचा संगणक) आजचं सांकेतिकीकरण, म्हणजे माहिती कुलूपबंद करायची पद्धत, फोडेल, या चर्चेत निर्यातबंदीवर वेळ घालवणं मला व्यर्थ वाटतं. इथे आपलंच कुलूप बदलायचं आहे, आणि नवी कुलपं ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकी मानक संस्थेने जाहीर केलीत. हिशेब साधा आहे: माहिती किती वर्षं गुप्त राहायला हवी, अधिक बदल पूर्ण करायला किती वर्षं. ही बेरीज असा संगणक येण्याच्या वर्षांपेक्षा जास्त असेल तर आजच उशीर झालाय, कारण आज पाठवलेली कुलूपबंद माहिती साठवून नंतर फोडता येते. अडचणी रुक्ष आहेत. नव्या पद्धतीची सार्वजनिक किल्ली १,१८४ बाइटची, जुनी ३२ ची. दोन संगणकांच्या जोडणीचा पहिला संदेश माहितीच्या एका पाकिटात (पॅकेटमध्ये) मावत नाही आणि वाटेतली जुनी उपकरणं तो टाकून देतात. कोणती प्रणाली कुठलं सांकेतिकीकरण वापरते याची यादीच बहुतेक संस्थांकडे नसते, आणि बदलाचा मोठा काळ ती यादी बनवण्यातच जातो. नवीही आंधळेपणाने घेऊ नयेत: नव्या पद्धती निवडण्याच्या स्पर्धेत बरीच पुढे गेलेली साइक ही पद्धत २०२२ मध्ये साध्या संगणकाच्या एका गाभ्यावर तासाभरात फुटली. म्हणून सध्या जुनी आणि नवी पद्धत एकत्र लावतात. दोन्ही फुटल्याशिवाय दार उघडत नाही.

मसुद्यावर मत द्यायची संधी मिळाली तर तक्रारीपेक्षा पर्यायी वाक्य पाठवावं. कुठल्या कलमातला कुठला शब्द, त्यामुळे कोणता निरपराध वापर अडकतो, आणि त्या जागी काय लिहावं. मसुदा तयार करणाऱ्याला थेट उचलता येईल असं वाक्य हातात पडलं तर ते मजकुरात जायची शक्यता कितीतरी जास्त. आणि जिथे आकडा आहे तिथे एक जोड मी नेहमी सुचवतो, तिचा नमुना असा: ‘ही मर्यादा १८ महिन्यांनी आपोआप संपेल. मुदतवाढ हवी असल्यास अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेने तीन गोष्टी जाहीर कराव्यात: मर्यादेच्या ९० टक्क्यांपर्यंत पोचणारी किती उत्पादनं या काळात बाजारात आली, परवान्यासाठी सरासरी किती दिवस लागले, आणि नाकारलेल्या अर्जांपैकी किती ग्राहकांनी तोच माल दुसरीकडून मिळवला.’ तिसरी माहिती मिळवणं सगळ्यात कठीण आहे. ती गोळा करण्यासाठी माणसं आणि पैसा त्याच कलमात मंजूर करून घ्यावा लागतो, नाहीतर १८ महिन्यांनी तो रकाना कोरा येतो.